त्याचा उजवा पाय

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. "याच्या दोन तारा कुठे गेल्या?" हा पहिला आणि "तुम्ही नसलात तर काय फरक पडतो?" हा दुसरा. बेसला सहाऐवजी चारच तारा असतात, म्हणून पहिल्याला मी हसून सोडून देतो. दुसऱ्याचं उत्तर पंचवीस वर्षं देत आलो, पण ते कुणाला पटलेलं मी पाहिलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने एकदा पहिल्या रांगेत बसून आमचा अख्खा कार्यक्रम ऐकला आणि घरी आल्यावर विचारलं, "तू नक्की वाजवत होतास ना रे?"

वाजवत होतो. नाशिकमध्ये रॉक वाजवून पोट भरत नाही, म्हणून सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी बेस. आधी कॉलेजांची गॅदरिंगं, मग कॅफे, मग द्राक्षमळ्यांतून वायनऱ्या उभ्या राहिल्या तेव्हा तिथली हिरवळ. लोक ग्लास हातात धरून सूर्यास्ताचे फोटो काढायचे आणि आम्ही त्यांच्या पाठीला ऐकवायचो. तक्रार नाही. मला त्यात सुख होतं आणि त्या सुखाचं कारण माझ्या डाव्या बाजूला बसलेलं असायचं.

आमचा ड्रमर मालेगावचा. यंत्रमाग चालवणाऱ्या घरात वाढलेला, नंतर नाशकात द्वारका चौकाजवळ रिक्षाच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलेला. लहानपणी म्हणे झोपेत असतानाही त्याला कळायचं, शेडमधला कुठला माग मंद पडलाय. मी त्याला भाव खाऊ नकोस म्हणायचो, पण माझा विश्वास होता.

बेसवाल्याने गायकाकडे बघायचं नसतं, गिटारवाल्याकडे तर मुळीच नाही. ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघायचं. त्या पायाखालच्या पेडलने सगळ्यात मोठा ड्रम वाजतो. त्याचा ठोका आणि माझी तार अशी एकदम पडायला हवी, की ऐकणाऱ्याला दोन आवाज नव्हे, एकच ऐकू यावा. आम्हा दोघांचं ते इतकं जमलं होतं, की माझा वेगळा आवाज कुणाला ऐकूच जात नसे. बहिणीला हे समजावून सांगायचा मी कंटाळा केला. पण त्या पायाची टाच कधी उचलते, कधी बोटांवर भार येतो, हे मला माझ्या हातांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गिटारवाल्याने पहिल्यांदा विषय काढला. तो आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सॉफ्टवेअरमधला, बोलायला स्पष्ट. रविवारी सकाळी मिसळ खाऊन आम्ही अंबडच्या गोदामात तालमीला जमलो होतो. तो म्हणाला, "काका, गाणी मागे पडतायत. सुरुवातीला ठीक असतात, मग हळूहळू लय उतरते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गाणी मागे पडत नाहीत, तू पुढे पळतोस," मी म्हणालो.

त्यानंतर त्याने सुचवलं, की सगळ्यांनी कानात यंत्राची टिकटिक लावून वाजवू या. मी त्याला नको ते बोललो. ज्याला माणसाबरोबर वाजवता येत नाही त्याने घड्याळाबरोबर वाजवावं, असं काहीसं. ड्रमर मान खाली घालून काड्या पुसत बसला होता. तो काही बोलला नाही, याचा मी मला हवा तो अर्थ घेतला.

असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी गिटारवाल्याने दोन रेकॉर्डिंग आणली. गाणं एकच, आमचं स्वतःचं. एक जुनं, एक परवाचं. दोन्ही बरोबर सुरू केली. जुनं संपलं तरी परवाचं चालूच होतं. बराच वेळ चालू होतं.

आणि मी, मूर्ख माणूस, काय म्हणालो? म्हणालो, "पण बेस आणि ड्रम बघ. एक केससुद्धा इकडेतिकडे नाही."

ते खरंच होतं. तो जितका मंदावला होता, बरोबर तितकाच मीही मंदावलो होतो. प्रत्येक ठोक्याला त्याच्या पायाकडे बघून, अभिमानाने. दुसरा कुणी बेसवाला असता तर त्याची आणि ड्रमची फारकत झाली असती, पहिल्या महिन्यातच सगळ्यांना खटकलं असतं. माझ्यामुळे ते गाण्याच्या आतच झाकून राहिलं.

त्या आठवड्यात मी भाभींना फोन केला. ड्रमरची बायको माझ्याशी कधी आडपडदा ठेवत नाही. ती म्हणाली, "भाईजान, मी पण सांगणारच होते. बिलावरचं त्यांचं अक्षर मुंगीएवढं झालंय. चालताना उजवा हात हलतच नाही, नुसता लटकतो. विचारलं की चिडतात."

भाभी आणि मी त्याला कसंबसं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला बोटं उघडमीट करायला लावली, उठून चालायला लावलं आणि पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही ड्रम वाजवता ना? वाजवताना कुणाच्या काही लक्षात आलं नाही का?" भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. आयुष्यात इतकी लाज मला दुसऱ्या कुठल्याही वेळी वाटलेली नाही.

बँड थांबला. त्याच्या जागी दुसरा ड्रमर घ्यायचं मनात आणणंही माझ्या जिवावर आलं. गिटारवाल्याची मी माफी मागितली. तो भला मुलगा, म्हणाला, "काका, सोडा."

ड्रमरची माफी मागायला मात्र मला चार महिने लागले. त्याच्या घरी चहा पिताना एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, मी वेळेत बोललो असतो तर औषधं वर्षभर आधी सुरू झाली असती.

तो कप दोन्ही हातांनी धरून बसला होता. म्हणाला, "यार, मला तर वाटत होतं तू ढिला पडतोयस. म्हटलं, उमर झाली याची. सांगायचं कशाला, आपण थांबू याच्यासाठी."

आम्ही दोघं हसलो. मग मला रडू आलं आणि त्याने ते शांतपणे येऊ दिलं.

गेल्या पावसाळ्यापासून त्याचे पाय अडायला लागले. सपाट जागेवर चालतो, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. खोलीतून गॅलरीत जायला दहा-दहा मिनिटं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, की ठेका ऐकवला तर पाय सुटतो. मोबाइलवरची टिकटिक लावून पाहिली. त्याने दोन दिवसांत बंद केली. "हुकूम सोडतंय साला," म्हणाला. आणि मग म्हणाला, "तू ये."

आता मी रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी बेस घेऊन त्याच्याकडे जातो. छोटा अॅम्प्लिफायर तिथेच ठेवलाय. मी दिवाणावर बसतो, तो भिंतीपाशी उभा राहतो, भाभी मागे. मी वाजवतो आणि तो चालतो.

पहिल्या दिवशी दारापर्यंत छान आला. दाराशी पाय अडखळला. माझी नजर तिथेच होती, दुसरीकडे जाणार कुठे? पाय रेंगाळला तशी माझी बोटंही रेंगाळली, आपोआप. पाय थांबला, तार थांबली. तो तसाच चौकटीत उभा राहिला, एका हाताने दार धरून.

"परत तेच," तो म्हणाला. आवाज चढलेला होता. "माझ्यासाठी हळू होऊ नकोस. वर्षभर तेच केलंस. माझ्या पायाकडे बघू नकोस."

"मग कुठे बघू?"

"कुठेही बघ. भिंतीकडे बघ. थांबू नकोस बस."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा सुरुवात केली, आमच्या जुन्या लयीत, जशी त्याने मला शिकवली होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला न बघता वाजवत होतो. मागे काहीच होत नव्हतं. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. मान वळवावीशी फार वाटली. वळवली नाही.

तिसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, बरोबर माझ्या तारेबरोबर, गॅलरीच्या फरशीवर त्याची चप्पल वाजली.