जवसाच्या तेलातल्या चार काचा

आमच्या गाडीची एकच काच बिघडली होती. मी दुरुस्ती केली आणि चारही बिघडल्या.

गाडी जुनी, आमच्याकडे येईपर्यंत दोन घरं फिरलेली. पण चालत होती. फक्त माझ्या बाजूची काच बटण दाबलं की कण्हत कण्हत वर यायची आणि अर्ध्यात दम खायची. एरवी मी दुर्लक्षच केलं असतं. पण ब्रह्मपुरीजवळच्या माझ्या सासुरवाडीत साळ्याच्या, म्हणजे सुधाकरच्या, मुलीचं साक्षगंध (साखरपुडाच तो) ठरलं आणि त्याचा फोन आला: मुलाकडचे यायच्या आधी पोहोचा, जावयाची गाडी दारासमोर दिसली पाहिजे. झालं! सगळ्या घराण्याची इज्जत माझ्या चार चाकांवर येऊन बसली.

मिस्त्रीकडे जायचं सोडून मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस दाराचं आतलं कव्हर संत्रं सोलावं तसं काढत होता. मी काढलं तेव्हा प्लास्टिकच्या खुंट्या पटापट तुटल्या. (त्या जास्तीच्याच असाव्यात, असं मी ठरवलं.) काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली सरकते ती खाच ठणठणीत कोरडी होती. व्हिडिओवाला म्हणत होता, सिलिकॉनचा स्प्रे मारा. आमच्या स्वयंपाकघरात सिलिकॉन नव्हतं. जवसाचं तेल होतं.

आता जवसाचं तेल आपल्याकडे कोणी कच्चं वापरत नाही. मी ते कढईत धूर निघेस्तोवर तापवलं, थंड केलं आणि खाचेत सढळ हातानं सोडलं. बटण दाबलं तर काच अशी सर्रकन वर गेली की मीच मागे सरकलो! यश डोक्यात गेलं. बाकीच्या तीन काचा उत्तम चालत होत्या, पण त्यांच्यावर अन्याय कशाला? त्यांनाही पाजलं.

माझी बायको वंदना हिनं गाडीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "अजी, गाडी दुरुस्त करून राह्यले का भजे तळून राह्यले?"

वास जावा म्हणून मी चारही काचा पूर्ण खाली केल्या आणि गाडी उन्हात लावली. साक्षगंधापर्यंत ती तशीच तापत राहिली.

इथे एक सांगायला हवं. आमचे बाबा दर उन्हाळ्यात बैलबंडीला हेच तेल तापवून लावायचे. ते वाळलं की लाकडावर वॉर्निशसारखा कडक थर बसायचा. नखानं खरवडला तरी निघायचा नाही. तेलाचा डबा धरायला मीच असायचो. म्हणजे या विषयातलं माझं शिक्षण पूर्ण झालेलं होतं.

साक्षगंधाच्या सकाळी वंदना जरीची साडी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून, मांडीवर ओटीचं ताट घेऊन गाडीत बसली आणि काचा लावा म्हणाली. मी बटणं दाबली. चारही दारं घुरघुरली आणि एकदम गप्प झाली. काचा दारांच्या पोटात चिकटून बसल्या होत्या.

"हवा येईल," मी म्हणालो.

तिनं अंबाड्यावरचा गजरा हातानं दाबून धरला. हे लक्षण वाईट असतं.

हवा आलीच. पण सिंदेवाहीपासून पुढे रस्ता रुंद करणं चाललेलं, सगळीकडे लाल मुरूम आणि आमच्या पुढेही टिप्पर, मागेही टिप्पर. वंदनानं ताट पदराखाली घेतलं आणि कॉलेजच्या पोरी स्कूटीवर बांधतात तसा तोंडाला दुपट्टा गच्च बांधला. माझ्याकडे दुपट्टा नव्हता. सासुरवाडीच्या दारात पोहोचलो तेव्हा गाडीचा मूळ रंग पांढरा आहे हे फक्त मलाच ठाऊक होतं.

रिवाजाप्रमाणे सुधाकर जावयाचे पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. मग लोटा ओट्यावर ठेवला, आत गेला आणि बादली घेऊन आला.

आम्ही धुतले गेलो, गाडी राहिली. तेवढ्यात मुलाकडचे आलेच! मुलाचे मामा गाडीजवळ थांबले आणि आत डोकावले. मागच्या सीटवर सासूबाईंची कोंबडी मालकिणीसारखी पाय दुमडून बसली होती.

"गाडी कोणाची व्हय जी?" मामांनी विचारलं.

सुधाकर जमिनीकडे पाहत पुटपुटला, "आमच्या जावयाची."

मामांनी कोंबडीकडे पाहिलं, मग चारही उघड्या खिडक्यांकडे. सोयरीक मोडते की काय, असं मला वाटलं.

"हवेशीर हाये," ते म्हणाले आणि मांडवात जाऊन बसले.

साक्षगंध नीट पार पडलं. परतताना पुन्हा तोच मुरूम, तेच टिप्पर. जरा वेळानं मी धीर करून म्हटलं, "काचांचं जाऊ दे. पण इंजिन पाह्यलं का? कुठी अडकलं नाई. मुलाकडच्यांच्या आधी पोचवलं ना तुले?"

दुपट्ट्यातून तिचे फक्त डोळे दिसत होते.

"हाव," ती म्हणाली. "त्याले तुम्ही अजून हात नाई लावला न."