वन्संचं चौदावं वळण

ये, जरा जवळ सरक. दारात उभ्या-उभ्या, एक डोळा मोबाइलवर ठेवून ऐकायची गोष्ट नाही ही. मंदार, तुलाच म्हणतेय. फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस आणि ठेवून देतोस. पण रविवारची पुरवणी तू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतोस हे मला माहीत आहे, म्हणून म्हटलं, तिथेच गाठावं तुला. बाकीच्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही. घरोघरी एखादा मंदार असतोच, आणि त्याची वाट बघणारी एखादी आत्याही.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, शालनला जाऊन आता दीड महिना झाला. हाक मारताना वन्सं, पण बोलणं सगळं अगं-तुगंचं. मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मी वीसची. तिने लग्न केलं नाही, माझे यजमान लवकर गेले, आणि मग आम्ही दोघींनी मिळून एक मुलगा वाढवला... हाच तो मंदार. ती गेली त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी खाली कोथिंबीर आणायला गेले होते. परत आले तर आतल्या खोलीतून तिच्या त्या गाड्यांच्या गेमचा आवाज येत होता, गाडी जागेवर उभी राहून घुरघुरते ना, तसा. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "वन्सं, बंद कर गं ते, डोकं उठलं माझं. चहा टाकतेय." चहा झाला, दोन कपांत ओतला, गाळणं धुतलं, तरी घुरघुर आपली चालूच. आत गेले तर मान खुर्चीच्या पाठीवर टेकलेली, एक हात स्टिअरिंगवर, चष्मा जरासा घसरलेला. पडद्यावर तिची लाल गाडी गवतात उभी, आणि बाकीच्या गाड्या शेजारून निघून चाललेल्या... डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मला मात्र ते यंत्र बंद कसं करतात तेच कळेना. तू आलास, तेव्हा तूच केलंस.

वन्संनी तीस वर्षं इथल्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते बघायचं, माइकवर पुकारायचं, लोकांना उत्तरं द्यायची. घरी येऊन पाय चोळत म्हणायची, "हजारो गाड्या सोडल्या वहिनी, चालवली एकही नाही." तिच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, स्कूटरसुद्धा कधी हातात दिली नाही. "तुला कशाला हवी? आडवी पाडशील," एवढंच म्हणायचे. खिडकीतल्या गोष्टी मात्र ती रंगवून सांगायची. उरणजवळच्या करंजाची एक मासेवाली मावशी होती, रिकामी टोपली कमरेला लावून खिडकीशी यायची. "ताय, करंजाची गाडी कवा हाय?" "ही काय, समोर उभी आहे." "ती नको, तिच्यात गर्दी हाय. मागची कवा येल?" वन्सं सांगायची, "मावशी, मागची पण भरूनच येते. हिच्यातच बसा, उभ्याने का होईना, घरी तरी पोचाल." मावशी काही ऐकायची नाही. तासभर बाकावर बसायची आणि पुढच्या गाडीत उभ्यानेच जायची. रोज. वन्सं हसायची आणि म्हणायची, "माणसाला समोरच्या गाडीचं काहीतरी वाकडंच दिसतं गं."

तू लग्नानंतर खारघरला राहायला गेलास तेव्हा ते स्टिअरिंग, खालची ती पेडलं आणि तो गेमचा डबा, सगळं इथेच ठेवून गेलास. "राहू दे आई, जुनं झालं. ह्या गेमचा पुढचा भाग आला की त्याच्यासाठी सगळं नवंच घेणार आहे." मी ते माळ्यावर टाकायला निघाले होते. वन्सं म्हणाली, "थांब, बघू तरी." आणि चांगली सहासष्ट वर्षांची बाई माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसली! गेम म्हटलेलं मंदारला आवडत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. गाडी खरोखर चालवल्यासारखी चालते त्यात, वळणावर चाक हाताला ओढ देतं. पहिल्या दिवशी ओढ लागली तशी ती घाबरून हात सोडून बसली, आणि मग मला म्हणाली, "वहिनी, हात लावून बघ. जिवंत आहे गं." पेडलं फरशीवर सरकत होती, तर मिक्सर आल्यापासून पडून असलेला आमचा पाटा तिने त्यांच्या मागे भिंतीशी लावला. दगडाचा पाटा, तो कशाला हलतोय! पण तीस वर्षांची सवय जाते थोडीच? शर्यत सुरू झाली की सगळ्या गाड्यांना आधी पुढे जाऊ द्यायची. मी म्हणायचे, "अगं, शर्यत आहे ना ही?" तर म्हणे, "त्यांना वेळेवर सुटू दे. आपलं काय, आपण मोकळ्याच आहोत." आणि मग मोठ्याने पुकारायची, "फलाट क्रमांक एक, शालन एक्स्प्रेस, सुटत आहे!"

एकच रस्ता घेतला तिने. कुठला परदेशातला, चौदा वळणांचा, आजूबाजूला झाडी. बाकीचे वीस-पंचवीस रस्ते तिने उघडूनसुद्धा बघितले नाहीत. दोनशेपानी वही आणली आणि प्रत्येक वळण त्यात लिहून काढलं, तारखा घालून. "चार. पाण्याची टाकी दिसली की पाय काढणे." "सहा. कर्नाळ्याच्या वळणासारखं. घाई केली की संपलं." "नऊ. इथे डावीकडे फार सुंदर दरी आहे, बघू नये." मी वाचून हसले होते, तर म्हणाली, "हस तू. एकदा बसून बघ, मग कळेल. ये, एक फेरी मार." मी म्हटलं, "मंदारचा नवा आला ना, की मारीन. त्यात दोघींना बसता येतं म्हणे." हे मी म्हटलं हं. म्हणजे मी रागावतेय ती तुझ्या एकट्यावर नाही.

त्या गेमवाल्या मुलांच्या ग्रुपमध्ये तू तिला घातलं होतंस. आत्याबाई म्हणायचे सगळे तिला. पण तिथे दिवसभर एकच चर्चा, पुढचा भाग कधी, त्यात गाड्या किती, झलक पाहिली का. एकाने लिहिलं, पुढच्या भागातला पाऊस अगदी खरा असणार आहे. वन्संनी उत्तर दिलं, "खरा पाऊस पनवेलला आहे की. छत्री घेऊन या." दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आत्ता कोणी खेळतंय का?" कोणीच खेळत नव्हतं. सगळे बाकावर बसले होते, आमच्या करंजाच्या मावशीसारखे.

आता दसऱ्याची गोष्ट. सण म्हटला की गाडी धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवून चिरडायचं. स्टँडवर जन्मभर बघितलेलं तिने. पण हिच्या गाडीला चाकं कुठली? स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, आणि जरा विचार करून लिंबू ठेवलं ते ब्रेकच्या पेडलखाली. मी म्हटलं, "ब्रेकखाली का गं?" "मग! संकट अडवायचं ते ब्रेकनेच ना?" म्हणाली आणि दिला जोरात पाय. रस उडाला तो थेट माझ्या साडीवर. बिया कुठे गेल्या देव जाणे. हसून हसून दोघींच्या पोटात दुखायला लागलं. ओल्या फडक्याने पुसलं, वरून कोरडं फिरवलं... झालं.

दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं, तिचं चौदावं वळण चुकायला लागलं होतं. बाकी तेरा पाठ, पण चौदाव्याला ब्रेक पूर्ण दाबावा लागतो, तिथे गाडी थांबेचना, दर वेळी गवतात. तिने तुला फोनवर सांगितलं होतं, मी शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता. तू म्हणालास, "आत्या, तो जुन्या भागातलाच दोष आहे. ब्रेकिंग नीट नाही त्यात. उन्हाळ्यात नवा येतोय, तुझ्यासाठी एक आधीच बुक केलाय. तो आणि नवी पेडलं घेऊन येतो, मग दोघं मिळून खेळू." ती म्हणाली, "अरे, पण हा माझा संपलाय कुठे? तू नुसता एकदा येऊन बस ना शेजारी. कुठे चुकतंय ते बघ." तू म्हणालास, "येतो गं, नवा आला की येतोच." फोन ठेवला तिने. मग आपला उजवा गुडघा चोळत म्हणाली, "दोष गेमचा नाही वहिनी. पायातलं बळ गेलं माझ्या. त्याला कसं सांगायचं?" त्या दिवसापासून ती जिना उतरताना कठडा धरायला लागली. मी बघत होते. खालच्या बाकावर संध्याकाळी बसायला यायचं तेही तिने कमी केलं.

नवा भाग मागच्या आठवड्यात आला. तू फोन केलास, म्हणालास, "आई, आला गं तो..." आणि फोन ठेवून दिलास. तिचे दिवस झाले त्यानंतर तू इकडे फिरकला नाहीस. त्या खोलीत पाय टाकवत नाही तुला, एवढं मला कळतं. आई आहे मी. पण मंदार, तुला एक सांगायचंय, त्यासाठीच हे सगळं चाललंय.

परवा मी बसले त्या खुर्चीवर. सुरू करायचं बटण तिने मला दाखवून ठेवलं होतं. बंद करायचं तेवढं राहिलं होतं, तेही आता येतं. वही मांडीवर उघडी ठेवली आणि एकेक वळण वाचत निघाले. पायी चालल्यासारखी, पण निघाले. नवव्याला दरी बघितली, खूप सुंदर आहे, गेले गवतात. आणि मग ब्रेकवर जोर दिला तेव्हा पायाला कळलं... पेडल अर्ध्यात अडतंय. आयुष्यभर शिलाई मशीनचा पायटा चालवला मी, कुठे काही अडकलं तर पायाला आधी समजतं. वाकून बघितलं तर सांध्यात काळं-पिवळं चिकट काहीतरी, आणि त्यात एक वाळकी बी. लिंबाची. मग वही मागून पुढे चाळली. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत लिहिलंय, "चौदा. जमलं." "चौदा. जमलं, झकास." दसऱ्यानंतर नुसतं "चुकलं, चुकलं, चुकलं." आणि शेवटच्या पानावर, "चौदा. मंदारला दाखवायचं."

तिचे पाय चांगले होते रे. गेमही चांगला होता. एक बी अडकली होती, इतकंच. मी रोज शेजारच्या खोलीत होते, तू वीस मिनिटांवर होतास, आणि वाकून बघायला दोघांनाही सवड झाली नाही. हे तुला टोचावं म्हणून नाही लिहिलं. मला जे टोचतंय ते एकटीला उचलवत नाही, म्हणून लिहिलं.

पाटा अजून भिंतीशी आहे. मशीनच्या टेबलाचं स्टिअरिंग मी काढलेलं नाही. ब्लाउज मी जेवणाच्या टेबलावर बेतते. सकाळी एक फेरी मारते आणि तेरावं वळण झालं की कडेला गाडी उभी करते. मागचे भोंगे वाजवत नाहीत तेवढं बरं. ती बी मी काढलेली नाही. स्क्रू ड्रायव्हर तुझ्या आत्याच्या बटणांच्या डब्यात आहे, पेडल तू उघडायचंस आणि तूच साफ करायचंस. मग मी वही वाचीन, तू चालव, आणि चौदावं आपण दोघं मिळून घेऊ. नवा भाग राहू दे खारघरला, तो कुठे पळून चाललाय. चहा अजूनही माझ्या हातून दोन कप होतो. दुसरा कप रोज निवून जातो... ये रे बाबा. ह्या दोन-चार दिवसांतच ये.