पल्याडची जिजी आणि तिचा वाळुंज

गोमाई नदीला पूर आला की पल्याडची जिजी काठावर येऊन निवांत उभी राहायची, जणू माहेरचं कुणी येणार आहे. आम्हा अल्याडच्यांचा जीव तेव्हा टांगणीला लागलेला असे. तिच्या काठाला वाळुंजाचं दाट बन होतं. झाडं पाण्यात वाकत, मुळ्या माती घट्ट धरून ठेवत आणि पूर ओसरला की तिच्या शेताला मऊ गाळ मिळे. आमच्या सासऱ्यांनी मिरचीला जागा हवी म्हणून आमचा वाळुंज कधीच तोडला होता. आमचं शेत दरसाल नदीत ढासळे.

जिजी विधवा, एकटी. तरी हेवा वाटे तो मलाच. थंडीत तिची झाडं फुलत आणि सगळ्या मधमाश्या तिकडे. मुळांच्या कपारीत मासे तिचे, फांद्यांवरचे बगळेही तिचेच. आमचे हे जेवताना तिचं कौतुक करू लागले, की माझी भाकरी जरा जोरात थापली जाई.

एका पावसाळ्यात आमची विहीरच नदीत गेली. पाणी उतरल्यावर जिजी न बोलावता आली, डोक्यावर वाळुंजाच्या काड्यांचा भारा घेऊन. ओल्या काठात काड्या तिरप्या खोचत म्हणाली, “नदीले बसाले जागा दे वं बाई. मंग ती घर मांगत नही.”

उन्हाळाभर घागरी मी वाहिल्या. काड्या फुटल्या, पुढच्या पुरात आमच्याकडेही गाळ बसला. गाव म्हणालं, जिजीच्या हाताला गुण आहे.

मानमोडीच्या साथीत जिजी गेली. तिला पोहोचवून आल्यावर हे दोन दिवस जेवले नाहीत. मला तेही लागलं. जिजीच्या पुतण्यांनी तिचं बन कोळशासाठी तोडलं आणि दुसऱ्याच पुरात तो काठ नदीने नेला.

मग पुतण्याची बायको माझ्या दारी आली. “जिजीना वाळुंजन्या काड्या दे,” म्हणाली.

“मन्ह्या शेतस त्या, जिजीन्या नहीत,” मी म्हटलं.

तरी मी कोयता घेतला आणि चांगल्या रसरशीत फांद्या निवडून तिला भारा बांधून दिला. तो डोक्यावर घेऊन ती पाण्यात उतरली. पाठमोरी ती थेट जिजीसारखी दिसत होती. वाटलं, आता हिचंही नाव होणार.