माह्या तोंडची खोटी साक्ष

राणी पडली तेव्हा गाणं चालू होतं. सात वर्षांची माही पोरगी, प्रार्थनेच्या टिनाच्या हालमध्ये, सतरंजीवर. हातपाय ताठ, तोंडाले फेस. मी तिले कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर दिला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तसंच शिकवलं होतं. गाणं थांबलं. पास्टर माईक घेऊन जवळ आला अन् वरतून पाहत म्हणाला,

"ही मुलगी पडली नाही. हिच्या आईचं पाप पडलं. बाई, उभी राहा. सगळ्यांसमोर कबूल कर."

लेकरू पायाशी झटके देऊन राह्यलं अन् मी उभी! काय कबूल करू? मी बोरगाव मेघेची, मळ्यातली मेथी, हिरवा सांभार, वांगे घेऊन बाजारात बसणारी बाई. पाप करायले सवड तं पाहिजे! पण तो सोडेना. "बोल. देवापासून लपवू नको." राणीचा झटका थांबत नव्हता. मले वाटलं, मी बोलली नाई तं हा माणूस हलणार नाई. बोलून गेली, "चोरून देवीले नारळ फोडला जी." सपशेल खोटं. हालमध्ये येऊ लागली तेव्हापासून, तीन वर्षांत, मी देवळाची पायरी चढली नव्हती. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया केलं. राणी शुद्धीवर आली तं तिचा फ्रॉक ओला झाला होता. समोरच्या पोरी नाक धरून हसून राह्यल्या होत्या. अन् पोटच्या पोरीले सोडून मी त्या माणसापुढं हात जोडून उभी होती. आजबी आठवलं का अंगाची आग होते.

तुमी म्हणान, असी जागा सोडली काऊन नाई? सांगते. त्याच्या आधी माहे जेठ, नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणत, या पोरीले बाहेरची बाधा हाय, चुलीजवळ येऊ देऊ नका. लग्नाच्या पंगतीत तिले वेगळं बसवत. पिपरी मेघेच्या त्या हालमध्ये पहिल्यांदा कोणीतरी मले खुर्ची दिली. राणीच्या डोक्यावर हात ठेवून तिचं नाव विचारलं. येशू मले आवडला. रोगी माणसाले हात लावणारा देव कोणाले नाई आवडणार? त्या एका मायेच्या हातापायी मी बाकी सारं गिळलं.

मंग डॉक्टरीणबाईनं गोळी बदलली. सकाळी एक, संध्याकाळी एक. सहा महिने राणी पडली नाई. शाळेत जाऊ लागली. पास्टरले कळलं तं त्याची भाषाच बदलली. कालची 'बाई' आज 'सिस्टर' झाली. नागपूरहून पाहुणे येणार होते. शनिवारी त्यानं मले बोलावून साक्ष पाठ करून घेतली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. दर आयतवारी होते. मी भोळेपणानं विचारलं, "गोळीचं बी सांगू ना?"

तो हसला. "गोळीचं नाव घेतलं की देवाचा महिमा कमी होतो, सिस्टर. गोळ्या फेकल्या म्हण."

अन् मी म्हटलं. माईकवर. "गोळ्या फेकल्या, प्रार्थना केली, अन् माही लेक बरी झाली." रडली बी. रडणं खरं होतं, बोलणं खोटं होतं. घरी येऊन राणीले संध्याकाळची गोळी दिली, तेबी दार लोटून, जसी काई चोरीच करून राह्यली.

त्या दिवशी वंदना तिथं बसली होती. सिंदीची पोर, नवीनच लग्न झालेलं, आयतवारी रेल्वेनं येणारी. तिलेबी मिरगीच. तिनं माहं ऐकलं अन् आपल्या गोळ्या नालीत टाकल्या. तिसऱ्या हप्त्यात पोळ्या करता करता पडली. तापल्या तव्यावर हात. कोपरापर्यंत भाजला. पास्टरनं तिलेबी सगळ्यांसमोर उभं केलं. "तुझा विश्वास कमी पडला."

प्रार्थना सुटल्यावर ती माह्याजवळ आली. हाताले पट्टी. माह्यावर रागावली असती तं बरं झालं असतं. तिनं निसतं विचारलं,

"ताई, तुमचा विश्वास कसा पुरला वो? सांगा ना, मी कुठं चुकली?"

मले वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तरी खरं सांगितलं नाई मी! "देव करन बरं" म्हणून सटकली. थू माह्या जिनगानीवर.

मी आठवी शिकलेली. बायबल घरी होतं, पण फडक्यात बांधून, फळीवर. वाचत कोण होतं? पास्टर सांगन तेच पान, तीच ओळ. त्या दुपारी खाली काढलं. बोट फिरवत फिरवत वाचत गेली. एक जन्माचा आंधळा माणूस होता. चेल्यांनी येशूले विचारलं, पाप कोणाचं, याचं का याच्या मायबापाचं? येशूनं साफ सांगितलं, याचंबी नाई, मायबापाचंबी नाई. मी तीनदा वाचलं. मंग राणीले वाचून दाखवलं. ती म्हणे, "म्हणजे तुहं पाप नव्हतं ना माय?"

नव्हतं वो बाई! छापून ठेवलं हाय पुस्तकात, अन् इतकी वर्षं माह्यापासून लपवलं. काऊन? माह्यासारखी बाई उभी करायले मिळणार नाई म्हणून? संतापानं पुढची-मागची पानं उलटत गेली. पण त्याच पुस्तकात खोटी साक्ष देऊ नको असंबी हाय. शिकवणारा तो होता, पण माईकवर आवाज माहा होता. ते पाप मातर खरं माहं होतं.

पुढच्या आयतवारी साक्षीची वेळ झाली तसी मी उठली. वंदना तिसऱ्या रांगेत होती.

"माही साक्ष खोटी होती. राणी गोळीवर बरी हाय. एकबी दिवस चुकवली नाई. नारळबी मी फोडला नव्हता. वंदना, तू कुठंच चुकली नाई. मी चुकली."

पास्टरनं माईक बंद केला. येडा! वीस वर्षं बाजारात ओरडून वांगे विकले मी, माह्या गळ्याले माईक लागत नाई. आंधळ्याचं पान मी खणखणीत वाचलं. तो ओरडला, "हिच्या तोंडून सैतान बोलतोय. बाहेर काढा हिला." ज्या बायका दर हप्त्याले माह्या टोपलीतली भाजी नेत होत्या, त्यांनीच मले दंडाले धरून फाटकाबाहेर केलं. वंदना उठली नाई. मान खाली घालून बसून राह्यली.

घरी जेठ म्हणाले, "झाली हौस?" पास्टरचा निरोप आला, गुडघे टेकून माफी माग, आत घेतो. येशू मी सोडला नाई, पण त्याच्यासाठी या माणसापुढं गुडघे कायले टेकू?

वंदनानं गोळ्या पुन्हा सुरू केल्या का नाई, मले माहीत नाई. फोन तिची सासू उचलते अन् माहा आवाज ऐकून ठेवून देते. म्हणून आयतवारी मी अजूनबी घरून निघते. सिंदीकडची गाडी यायच्या वेळी टेशनावर उभी राहते, वंदनाले दाखवायले राणीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात धरून. ती दिसली का तिथूनच दवाखान्यात नेईन. नाई दिसली तं हालच्या फाटकावर जाते अन् आतल्यांले ऐकू जाईन असं ओरडून सांगते, मी खोटं बोलली होती. हाकलतात, मी पुन्हा येते. वंदनाच्या हातात गोळी दिसेपर्यंत मी त्या फाटकावरून हटणार नाई.