आदल्या दिवशीच्या बैठका

तपासणी म्हटली की आमच्याकडचा माणूस आदल्या दिवशी जास्तीची मेहनत करतो. फौजेतल्या भरतीच्या वेळची सवय, ती साठीतही सुटत नाही.

मिरजेच्या एका दवाखान्यात नव्या औषधाच्या अभ्यासासाठी ठणठणीत माणसं हवी होती. फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी कडेगावात रोज जिमला जातो. आपल्याइतका ठणठणीत कोण, म्हणून नाव दिलं. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी खांद्यावर वजनाचा बार घेऊन शंभर बैठका मारल्या. सकाळी एसटीत चढताना बायकोचा हात धरावा लागला.

रिपोर्टात लिव्हरचे आकडे दुपटीच्या वर. तरुण डॉक्टरनं फॉर्मवरचं ‘माजी सैनिक’ वाचलं आणि हसत विचारलं, "काका, मिलिटरी कॅन्टीनचा दारूचा कोटा जोरात दिसतोय."

मी दारूला कधी शिवलो नाही. पलटणीत त्यापायी चेष्टा सोसली. संतापून खुर्ची मागे सारली, पण माझ्याआधी बोलली ती बायको.

"ह्यांचं कॅन्टीनचं कार्ड माझ्या कपाटात असतंय. कोट्यातली एक बाटली काढली असंल तर दाखवा. आदल्या दिशी बैठका मातूर लय मारल्यात, त्ये लिवा."

डॉक्टर वरमला. बैठका किती, वजन किती, सगळं लिहून घेतलं. जड वजनानं स्नायूंवर ताण येतो आणि हेच आकडे त्यानंही वाढतात, असं म्हणाला. "सात दिवस विश्रांती घ्या. तरीही उतरले नाहीत, तर मात्र लिव्हर बघावं लागेल."

सात दिवस तिनं मला गॅसची टाकीसुद्धा हलवू दिली नाही. जिमचे बूट लपवून ठेवले.

आठव्या दिवशी आकडे जागेवर आले. डॉक्टरनं माफी मागितली आणि अभ्यासाच्या फॉर्मवर माझ्यादेखत नवा प्रश्न लिहिला: गेल्या आठवड्यात वजनं उचलली का? माझी छाती फुगली.

परतीच्या एसटीत बायको म्हणाली, "आता सांगते. त्या दिशी बोलले खरी, पर माझी मलाच खातरी नव्हती. निम्मं आयुष्य तुमी लांब. तिकडं काय करत हुता, मला काय ठावं?"

खरं तर राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि रिपोर्टाचा नव्हे. उभ्या नोकरीत माझ्यासाठी इतकं ठाम कुणी उभं राहिलं नव्हतं, आणि ती तर खात्री नसताना उभी राहिली होती.