सुताराचा गाल

आमच्या चर्चमागे एक सुतार बसायचा. थडग्यांवरचे लाकडी क्रूस तोच करायचा. तो ख्रिस्ती नव्हता. दुकानात शंकराची तसबीर होती. रंधा मारून झाला की क्रुसावरून सावकाश गाल फिरवायचा. मी मिशनच्या शाळेतला मास्तर. मला वाटायचं, हा क्रुसाचा मुका घेतोय. एकदा विचारलंच, "तुम्ही मानता की काय क्रूस?"

"न्हाय ओ मास्तर. हाताला घट्टं पडल्यात, लाकडाची बारीक कूस टोचली तरी कळत न्हाय. गालाला कळती."

"मातीत रोवायचा क्रूस. त्याची कूस कुणाला लागणार?"

"गेल्याल्याची आई येती की हात फिरवायला."

मी हसलो होतो.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात माझी चार वर्षांची लेक उलट्या-जुलाबांनी गेली. ख्रिस्तानं आपल्या सगळ्यांचं दुःख क्रुसावर सोसलं, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं होतं. तिला पुरताना त्यातलं काहीच जवळ आलं नाही. सुतार स्वतः क्रूस घेऊन आला, रोवला आणि लांब जाऊन उभा राहिला. बायको कितीतरी वेळ त्या लाकडावरून हात फिरवत होती. तिचा हात कुठंच अडला नाही.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या गालावर ताजा ओरखडा होता.