एसपी की गणित

आमच्या डहाणूच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी कॉमर्सच्या प्रवेशाला दोन टेबलं मांडतात. एक एसपीचं, एक गणिताचं. दोन्हींतला एकच विषय घ्यायचा. एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. कंपनीच्या सेक्रेटरीची कामं आणि त्याने लिहायची पत्रं. पाठ करा, पेपरात उतरवा, मार्क घ्या. पी हळद नि हो गोरी! त्या टेबलापुढची रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत जाते. गणिताच्या टेबलामागे आमचे नितीन सर एकटे बसतात आणि डोळ्यांत प्राण आणून दाराकडे बघतात. मी इंग्रजी शिकवते. ते सगळ्यांनाच घ्यावं लागतं, म्हणून मला रांगेची चिंता नाही.

सर नरपडचे. त्यांचं आयुष्य 'पायऱ्या दाखव' या दोन शब्दांवर चाललंय. उत्तर बरोबर आलं, पण मधल्या पायऱ्या गाळल्या, तर त्यांच्याकडे मार्क नाही. वर्गात एकवेळ ठीक, पण बाजारातही तेच. बोंबील आज महाग का, हे मासेवालीने पायरीपायरीने सांगावं अशी त्यांची अपेक्षा. त्यांच्या पत्नी जयश्रीवहिनी म्हणतात, "मला बघायला आले तेव्हा यांनी होकार दिला, तोही कारणांसकट." माणूस सज्जन, पण असा हट्टी की कधीकधी त्यांचा डबा लपवून ठेवावासा वाटतो.

तीन वर्षांपूर्वी त्या ओस टेबलापुढे शितल येऊन उभी राहिली. तलासरीकडच्या एका पाड्यावरची वारली मुलगी. इथे मुलींच्या वसतिगृहात राहणार होती. सरांनी आधी तिला घाबरवलंच. "गणिताला मार्क कमी पडतात. एसपीत भरपूर मिळतात."

"एसपी मोठ्यानं पाठ करावं लागते ना, सर? होस्टेलात आधीच सगळ्या ओरडतात. गणित गप बसून होते."

सरांना एवढं कारण पुरलं.

आठवड्याभरात तिचे वडील लडक्या कॉलेजात हजर. चिकूच्या वाडीतून थेट आलेले, हातात अजून बेडणी, म्हणजे चिकू उतरवायची ती जाळी लावलेली काठी. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले.

"सर, माझ्या पोरीनं तुमचं काय वाईट केलं?"

सर गडबडून उठले. "का हो?"

"मंग तिचं एसपी का काढलं? मी पाड्यावर सगळ्यांना सांगितलं, माझी शितल एसपी होणार. आता पोलिसात नाय घेणार तिला?"

खोलीत कोणी हसलं नाही. आमच्या जिल्ह्यात एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक, लाल दिव्याच्या काळापासून. कॉलेजात एसपी शिकवतात म्हटल्यावर बापाने दुसरं काय समजावं? सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि हा एसपी कागदावरचा, तो एसपी वेगळा, हे सांगितलं. पायऱ्यांसकट, अर्थातच.

लडक्या बेडणीची जाळी चाचपू लागले. मग म्हणाले, "आणि गणित घेऊन काय होते?"

"ते मला सांगता येणार नाही. पण पुढची दारं उघडी राहतात."

"दार उघडं ठेवलं तर कुत्रंबी आत येते, सर," असं म्हणून लडक्या हसले आणि गेले. पोरीचा विषय मात्र त्यांनी बदलायला लावला नाही.

बारावीचा निकाल लागला. शितलची मैत्रीण मयूरी, नरपडच्या वाडीवाल्या दौलतशेठची मुलगी, एसपी घेऊन सत्त्याऐंशी टक्के. चौकात तिचा बॅनर लागला. शितलला एकोणसत्तर, आणि तेही गणितानेच खाली ओढलेले. शेवटचा मोठा प्रश्न तिने सोडवलाच नव्हता.

"येत नव्हता?" सरांनी विचारलं.

"येत होता. पण आधीच्या सगळ्यांच्या पायऱ्या लिहिल्या, सर. वेळ संपली."

सरांचं तोंड पडलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. "माझ्या खोडीने पोरीचे मार्क गेले," एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. बोर्डाचा पेपर म्हणजे घड्याळाशी झटापट, हे शिकवायला नको होतं का?

दोघी मैत्रिणींना मुंबईच्या एकाच कॉलेजात संख्याशास्त्राच्या नव्या पदवीला जायचं होतं. तिथला हिशेब असा : निम्मं वजन बारावीच्या मार्कांना, निम्मं त्यांच्या परीक्षेला आणि मुलाखतीला. मयूरीचा अर्ज पहिल्याच पानावर अडला. 'बारावीत गणित होते का?' नाही म्हटलं की पुढचं पान उघडतच नव्हतं. दौलतशेठ तणतणत स्टाफरूममध्ये आले. "सत्त्याऐंशीचा माल परत पाठवतात? असा कुठला बाजार?" मयूरी त्यांच्यामागे मान खाली घालून उभी होती. मला तिचंही वाईट वाटलं. भरपूर मार्कांचा विषय घे, असं तिला आम्हीच सगळ्यांनी सांगितलं होतं. पुढे तिने बीकॉमला प्रवेश घेतला.

शितलचा अर्ज गेला. "तिला काय, राखीव जागा आहे," असं एकजण माझ्यासमोर म्हणाला. जागा होत्या दोन, त्यांनाही गणिताची अट होती, आणि रांग राज्यभरातून लागली होती. त्याला मी हे जरा चढ्या आवाजातच ऐकवलं.

परीक्षा तिला बरी गेली. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला : इतके कमी मार्क का? तिने सरळ सांगितलं, "आमचे सर पायऱ्या मागतात. तीन तासांत तेवढ्याच झाल्या." मग त्यांनी फळ्यावर एक गणित दिलं. तिचं उत्तर चुकलं. बसू का, म्हणून तिने विचारलं नाही. एकेक ओळ मागे जात चौथ्या ओळीतली चूक स्वतःच शोधली, पुसली आणि पुन्हा सोडवलं. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा सर नुसते "बरं, बरं" करत होते आणि चष्मा पुसत होते.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसरी लागेपर्यंत सरांनी कोणालाच पायऱ्या विचारल्या नाहीत, यावरून त्यांची अवस्था समजा. दुसऱ्या यादीत नाव आलं.

लडक्या चिकूची पाटी घेऊन आले. सरांच्या पायाशी ठेवली. सर काही बोलायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. आम्हाला सवय नाही, सगळे खिडकीबाहेर बघू लागलो.

मग मीच विचारलं, "पाड्यावर काय म्हणतात? एसपीचं ते खरं सांगितलंत का?"

"नाय सांगितलं, मॅडम." लडक्या मिस्कील हसले. "त्यांना एवढंच माहीत हाय, शितलनं एसपी सोडून गणित घेतलं. म्हणतात, पोलिसांचा सायब सोडला, म्हणजे हे त्याहून मोठंच असेल. मी बोललो, हां, मोठंच हाय."

पुढच्या आठवड्यात अकरावीचे प्रवेश सुरू झाले. दोन टेबलं, एसपीची रांग नेहमीसारखी जिन्यापर्यंत. अकराच्या सुमाराला तलासरीच्या गाडीने त्याच पाड्यावरच्या पाच मुली आल्या, रांग ओलांडून सरळ नितीन सरांपुढे उभ्या राहिल्या. त्यांतली रूपी नावाची सगळ्यांत लहानखुरी पुढे झाली.

"सर, आमालाबी एसपी सोडायचं हाय."